आत्ता काय लावलंय (जॅझ रसिकांची प्रथा)

आत्ता काय लावलंय : जॅझ ऐकणारी माणसं टर्नटेबलवर त्या घडीला जी रेकॉर्ड फिरतेय ती एकमेकांना सांगतात, कव्हर दाखवतात आणि सोबत एखाददुसरी ओळ जोडतात, त्या प्रथेचं हे नाव. यातला ‘आत्ता’ महत्त्वाचा. कपाटात काय आहे, नवीन काय घेतलं, आवडत्या दहा कुठल्या, हे सगळे वेगळे विषय झाले. इथे सुई ज्या खाचेत आहे तेवढंच सांगायचं असतं, आणि जुन्या मंडळींत तर रेकॉर्डचं नाव सांगून भागत नाही, बाजू कुठली तेही सांगतात. ‘दुसरी बाजू चालू आहे’ एवढंच कुणी म्हटलं तरी समोरच्याला कळतं की हा माणूस मधे उठलाय, तबकडी उलटलीय आणि परत येऊन बसलाय, म्हणजे खरंच ऐकतोय.

बाजूला एवढी किंमत आली ती एलपीमुळे, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या ‘लाँग प्ले’ रेकॉर्डमुळे. त्याआधीच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या दहा इंची रेकॉर्डवर एका बाजूला तीनेक मिनिटं मावायची, सोलो (एकट्या वादकाचं वाजवणं) सुरू होतोय म्हणेपर्यंत संपायचा. कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीने जून १९४८ मध्ये न्यूयॉर्कला मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची बारीक खाचांची विनाइल एलपी आणली आणि बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर वीसेक मिनिटं बसायला लागली. जॅझच्या छोट्या कंपन्या आधी दहा इंचीवर गेल्या आणि पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर बारा इंचीवर आल्या. एका बाजूवर तीन-चार तुकडे, म्हणजे रचना, कधीकधी एकच लांबलचक, आणि मग शांतता. ऐकणाऱ्याच्या डोक्यात ‘एक बाजू’ हे मापच होऊन बसलं.

उगम : इथे एकमत नाही. तीन गोष्टी सांगितल्या जातात.

पहिली युरोपातल्या क्लबांची. ऊग पानासिए आणि शार्ल दलोने या फ्रेंच जॅझ समीक्षकांची नावं ज्याच्याशी जोडलेली आहेत तो हॉट क्लब द फ्रान्स १९३२ च्या सुमारास उभा राहिला आणि ब्रिटनमध्ये १९३३ पासून ऱ्हिदम क्लब निघाले. या क्लबांत व्हायचं काय, तर खोलीत ग्रामोफोन, सभासदांपैकी एकजण घरून रेकॉर्ड घेऊन येणार, एकेक लावणार आणि कोण वाजवतंय, कधीचं आहे ते सांगणार. याला रेकॉर्ड रिसायटल म्हणत. हौस होतीच पण नाइलाजही होता. १९३५ पासून जवळजवळ १९५६ पर्यंत अमेरिकन बँडना ब्रिटनमध्ये वाजवायला परवाने मिळणं बंदच झाल्यासारखं होतं, त्यामुळे तिथल्या बहुतेक रसिकांना अमेरिकेतलं जॅझ कळणार ते रेकॉर्डवरूनच. १९३६ मध्ये दलोनेची ‘हॉट डिस्कोग्राफी’ आली, त्यात गाण्याबरोबर वादकांची नावं, तारखा, मॅट्रिक्स नंबर (रेकॉर्डच्या साच्याचा क्रमांक) असं सगळं मांडलेलं. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या कमोडोर या रेकॉर्डच्या दुकानाच्या मिल्ट गॅबलरने आपल्या रेकॉर्डच्या लेबलवर सगळ्या वादकांची नावं छापायला सुरुवात केली, हे काम सगळ्यात आधी त्यानेच केलं असं सर्रास लिहिलं जातं आणि ते बरोबर असावं. आजही कुणी ‘लावलंय’ म्हटलं की पाठोपाठ ‘ड्रम्सवर कोण?’ येतं, ती सवय या क्लबांपासूनची.

दुसरी गोष्ट जपानची. तिथे जॅझ किस्सा म्हणजे कॉफी पीत रेकॉर्ड ऐकायची ठिकाणं, ती साधारण १९२९ पासून सुरू झाली असं धरतात (अगदी पहिलं कुठलं यावर वाद आहे, तो इथे नको). योकोहामाचं चिगुसा १९३३ चं, १९४५ च्या हवाई हल्ल्यात ते रेकॉर्डसकट जळालं आणि युद्धानंतर परत उभं राहिलं. १९५० च्या दशकात परदेशी एलपी तिथल्या सामान्य पगारदाराला परवडणाऱ्या नव्हत्या, मग एका कपाच्या पैशात एवढा महागडा ठेवा ऐकायला मिळायचा, म्हणून विद्यार्थी तासन् तास बसून राहत. साठच्या दशकात तर बऱ्याच किस्सात बोलायची मनाई असे. बोलायचं नाही म्हटल्यावर काय वाजतंय ते कळणार कसं? तर मालक रेकॉर्ड लावून झाली की तिचं कव्हर एका छोट्या स्टँडवर सगळ्यांना दिसेल असं उभं करून ठेवायचा, बाजू संपली की ते उचलायचं आणि दुसरं ठेवायचं. ज्याला आवडलं तो उठून जवळ जाऊन नाव वाचणार आणि वहीत उतरवून घेणार.

तिसरी गोष्ट रेडिओची, निवेदक रेकॉर्ड लावतो आणि नाव सांगतो, विलिस कोनोवरचा व्हॉइस ऑफ अमेरिकावरचा जॅझचा कार्यक्रम १९५५ पासून लोखंडी पडद्यापलीकडेही ऐकला जात होता, वगैरे. पण रेडिओवर सांगणारा एकच असतो, ऐकणाऱ्याला उलट काही सांगता येत नाही, त्यामुळे या गोष्टीला फार वजन देणं कठीण आहे. सगळं जमेला धरलं तर प्रथेतलं बोलणं क्लबांचं आणि दाखवणं किस्साचं, असं मानणं जास्त पटतं. स्टँडवरचं ते कव्हर आणि आज टर्नटेबलशेजारी कव्हर उभं करून काढलेला फोटो यांत फरक फारच थोडा आहे.

याच्या बरोबर उलटा प्रकारही जॅझमध्येच आहे. जॅझ समीक्षक लेनर्ड फेदरने १९४६ मध्ये मेट्रोनोम मासिकात ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’ सुरू केली, पुढे ती डाउनबीट मासिकात गेली. त्यात वादकाला रेकॉर्ड ऐकवायची पण नाव सांगायचं नाही, त्याने ओळखायचं आणि मत द्यायचं.

कव्हर दाखवण्याला जॅझमध्ये जरा जास्तच मान आहे आणि त्याचं कारण ब्लू नोट. आल्फ्रेड लायनने १९३९ मध्ये काढलेली ही कंपनी, त्याचा मित्र फ्रान्सिस वुल्फ रेकॉर्डिंग चालू असताना फोटो काढायचा आणि १९५६ च्या आसपासपासून रीड माइल्स त्या फोटोंना कापून, एका रंगात बुडवून, शेजारी मोठी अक्षरं टाकून कव्हरं करायचा. रीड माइल्स स्वतः जॅझपेक्षा पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायचा असं सांगतात.

कुठली कॉपी : बाहेरच्या माणसाला इथे काहीतरी अतिच चाललंय असं वाटतं, पण या प्रथेचा अर्धा जीव या प्रश्नात आहे. तीच रेकॉर्ड १९५७ ची, १९६७ ची, जपानी छपाईची, परवाची, अशी वेगवेगळी असू शकते आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा लागतो. त्यामुळे ‘काय लावलंय’च्या मागोमाग ‘कुठली’ येतंच.

उत्तर शोधायला रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरायची आणि हळूहळू फिरवायची. शेवटच्या खाचेपासून लेबलपर्यंत जी गुळगुळीत मोकळी पट्टी असते तिला डेड वॅक्स म्हणतात, उजेड नीट कोनात पडला की तिथे कोरलेलं उठून दिसतं. ब्लू नोटच्या जुन्या कॉपीवर तीन गोष्टी बघतात. एक, रेकॉर्डिंग इंजिनियर रूडी व्हॅन गेल्डरची खूण, ‘आरव्हीजी’ ही आद्याक्षरं किंवा नंतर ठशाने उमटवलेलं आडनाव. हा मूळचा डोळे तपासून चष्मे देणारा, न्यू जर्सीत हॅकेनसॅकला आईवडिलांच्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग करायचा, १९५९ मध्ये एंगलवूड क्लिफ्सला स्वतःचा स्टुडिओ बांधला. दोन, रेकॉर्ड छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याचा वळणदार ‘पी’, जो दिसतो कानासारखा म्हणून त्याला सगळे ‘कान’च म्हणतात. तीन, लेबलवर छापलेला पत्ता: लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू सगळ्यात जुना, मग ४७ वेस्ट ६३, मग नुसतं न्यूयॉर्क.

घोळ असा की यातली एकच खूण बघून काही ठरत नाही. व्हॅन गेल्डरची सही मूळ कापलेल्या तबकडीवरची, त्यामुळे त्याच साच्यातून दहा वर्षांनी काढलेल्या कॉपीवरही ती येते. पत्त्याचंही तसंच, १९६६ मध्ये ब्लू नोट लिबर्टी या कंपनीकडे गेली, छपाई दुसरीकडे व्हायला लागली पण शिल्लक जुनी लेबलं आणि कव्हरं वापरून टाकली, म्हणून लेबल जुनं, कव्हर जुनं आणि कान मात्र नाही अशा कॉपी भरपूर आहेत. त्या लिबर्टीच्या काळातल्या समजायच्या. म्हणजे तिघांत कानच जास्त भरवशाचा, पण तोही एवढंच सांगतो की कॉपी साधारण १९६६ च्या आतली आहे, पहिल्या छपाईची आहे असं सांगत नाही.

याहून मोठा वाद खोल खाचेचा, ज्याला डीप ग्रूव्ह म्हणतात. लेबलवर, मधल्या भोकापासून थोड्या अंतरावर, बोट फिरवलं तर लागेल अशी एक गोल खोलगट रेघ असते. ती संगीताची नाही, छापायच्या यंत्रातल्या जुन्या डायमुळे उमटते. बरीच वर्षं असं धरून चालले होते की रेघ असेल तर पहिली छपाई, नसेल तर नंतरची. पण जुने आणि नवे डाय कारखान्यात एकाच वेळी वापरात होते, साठच्या सुरुवातीनंतरही जुना डाय मधेच कुठल्यातरी बाजूला लागायचा, म्हणून एका बाजूला रेघ आहे आणि दुसरीला नाही अशाही कॉपी निघतात. आता जाणकारांचा कल प्रत्येक रेकॉर्डचा वेगळा हिशोब करावा याकडे आहे आणि तेच योग्य दिसतं.

कुठली कॉपी हे ऐकूनही कळतं त्याचं ठळक उदाहरण ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं ‘काइंड ऑफ ब्लू’. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत न्यूयॉर्कला ते रेकॉर्ड झालं, पण मार्चच्या दिवशी मास्टर टेपचं मशीन किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे ती टेप बरोबर वेगाने लावली की सगळं थोडं जलद आणि थोडं वरच्या सुरात वाजतं. अख्खी पहिली बाजू अशीच छापली गेली आणि १९९२ पर्यंत तशीच निघत राहिली, मग दुसऱ्या मशीनवरच्या टेपवरून दुरुस्ती झाली. सुरुवातीच्या काही लेबलांवर दुसऱ्या बाजूच्या दोन तुकड्यांची नावंही उलटसुलट आहेत. तेव्हा कुणी ही रेकॉर्ड लावलीय असं सांगितलं तर ‘जुनी की दुरुस्त?’ हा प्रश्न अगदी सरळ आहे, कारण दोघं वेगळ्या सुरात ऐकत असू शकतात. पियानोवर सोबत वाजवून बघणाऱ्यांना हे लगेच कळतं.

मोनो (सगळा आवाज एकत्र) की स्टिरिओ (डावा-उजवा वेगळा) हाही नेहमीचा विषय. स्टिरिओ एलपी १९५८ च्या सुमारास बाजारात नीट रुळली, त्यानंतर बरीच वर्षं एकच रेकॉर्ड दोन्हीत निघायची. मोनो जास्त भरीव लागतं असं बरेच जण मनापासून मानतात, मात्र ब्लू नोटच्या बाबतीत १९५८ च्या अखेरीनंतरच्या बऱ्याच मोनो कॉपी स्टिरिओ टेपवरूनच एकत्र करून काढल्या असाव्यात, त्यामुळे तिथे हा आग्रह तेवढा टिकत नाही. आतल्या खाचांचं मात्र सगळ्यांना मान्य आहे: बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटीमीटर खाच सरकते, लेबलजवळ ती वीसेकवर येते, तेवढ्याच वेळाचा आवाज कमी जागेत कोंबलेला असतो म्हणून बाजूच्या शेवटी झांजा आणि ट्रम्पेट फाटायची शक्यता जास्त.

नव्या छपाया चालतात का, यावर थोडी कुरबुर असते. ऐंशीच्या दशकातली ओरिजिनल जॅझ क्लासिक्स मालिका असो की २०१९ पासूनची ब्लू नोटची टोन पोएट, अनेकांनी जॅझ ऐकायला सुरुवात याच कॉपींवर केली. अमेरिकेत २०२२ मध्ये विनाइलच्या प्रती सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. प्रथेच्या दृष्टीने नवी कॉपी कुठेही कमी नाही, कारण प्रश्न ‘काय लावलंय’ असा आहे आणि पाकिटाबाहेर न काढलेली पहिली छपाई या प्रश्नाचं उत्तर होऊच शकत नाही.



सांगण्याची रीत ठरीव नाही, तरी ढोबळपणे आधी ज्याच्या नावावर रेकॉर्ड आहे तो, मग नाव, कंपनी, नंबर, कॉपी आणि मग एखादी बारीक गोष्ट, जसं की बेसचा सोलो चालू असताना मागे कुणीतरी पुटपुटतंय किंवा तिसऱ्या तुकड्यात एक चरा आहे आणि तो बरोबर तालात पडतो. ही शेवटची ओळ सगळ्यात मोलाची, ती कव्हरवर छापलेली नसते, ऐकणाऱ्यालाच सापडते. यावर उत्तर द्यायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे आपलं वेगळं काहीतरी सांगायचं. दुसरी जास्त जिव्हाळ्याची: काही न बोलता उठायचं, तीच रेकॉर्ड आपल्याकडे असेल तर काढायची, तीच बाजू लावायची आणि मग कळवायचं की ते पुटपुटणं इथेही ऐकू आलं.