दिव्यावरची अक्षरं कुणासाठी कोरली गेली?

जुन्या मोटारीच्या दिव्यावरची उठावाची अक्षरं गाडीचं मॉडेल क्वचितच सांगतात. ती तपासनिसासाठी होती. दिवा कोणत्या कामाचा आणि कोणत्या नियमात बसणारा, एवढंच त्याला कळायला हवं होतं. हे ध्यानात ठेवलं तर ओळख पटवणं बरंच सोपं जातं.

आधी असायचं ते फक्त बनवणाऱ्याचं नाव. बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीने त्यासोबत प्रकार क्रमांकही दिले: पी७००, एल४८८, एल५९४. पण एकच एल५९४ कितीतरी कंपन्यांच्या गाड्यांना बसवलेला असे, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरून गाडी ठरवू नये.

मग देशोदेशीचे शिक्के आले. जर्मन दिव्यावर नागमोडी रेघ आणि के, इटालियन दिव्यावर आयजीएम. एका देशाची मंजुरी दुसऱ्या देशात चालेना, तेव्हा २० मार्च १९५८ रोजी जिनिव्हात करार झाला आणि त्यातून वर्तुळातलं ई आलं. ई१ म्हणजे जर्मनी, ई२ फ्रान्स, ई३ इटली, ई११ ब्रिटन. इथे हमखास फसगत होते: हा आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा असतो, दिवा तयार कुठे झाला ते त्यावरून कळत नाही.

अमेरिकेची रीत निराळी. तिथे ‘एसएई’ (मोटारींची मानकं ठरवणारी अभियंत्यांची संस्था) या खुणेनंतरची अक्षरं दिव्याची कामं मोजतात: ए परावर्तक, आय इंडिकेटर, एस ब्रेकचा दिवा, टी टेललाइट. ‘एसएई एआयएसटी ७०’ असं दिसलं, तर ही चारही कामं एकाच दिव्यात आहेत. शेवटचे ७० मात्र मानकाचं साल. दिवा त्याच वर्षी बनला असं धरून चालू नका. १ जानेवारी १९६८ला संघराज्याचा दिव्यांबाबतचा नियम लागू झाला आणि ‘डीओटी’ (अमेरिकेच्या वाहतूक खात्याची आद्याक्षरं) दिसू लागलं. ती उत्पादकाने स्वतः दिलेली हमी आहे; ई मात्र सरकारी मंजुरीनंतरच मिळतं. मला हा फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

या सालांचा थेट उपयोग होतो. १९५५च्या गाडीवर वर्तुळातलं ई, किंवा १९६५च्या गाडीवर डीओटी आढळलं, तर तो भाग नंतर बदललेला आहे. मात्र काच आणि मागचा सांगाडा वेगवेगळे तपासा, बहुतेक वेळा फक्त काचच बदललेली असते.

हेडलाइट असेल तर बाणही शोधा. समोर उभं राहून पाहताना उजवीकडे रोखलेला बाण म्हणजे ती काच डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीची. ई खुणेच्या काचेवर बाणच नसेल, तर ती उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी आहे. दुतोंडी बाणाची दोन्हीकडे चालते.