मूळपेशींचा वाद: भ्रूणापासून नाळेपर्यंत

गेल्या महिन्यात इंदूरला रामबागेत भाचीचं डोहाळजेवण झालं. ओटी भरून झाली, आणि तिच्या फाईलमधून एक गुळगुळीत पत्रक बाहेर पडलं. बाळाच्या नाळेतलं रक्त साठवा, पुढे त्याच्या आजारपणात त्यालाच उपयोगी पडेल. "मावशी, करून ठेवू का गं?" भाचीनं विचारलं. त्या पत्रकामागे साठ वर्षांचा इतिहास आहे.

मूळपेशी म्हणजे स्टेम सेल; नाळेतल्या रक्तात ती असते. ती स्वतःसारख्या नव्या पेशी घडवते आणि वेगळं काम करणाऱ्या पेशीही जन्माला घालते. 1961 मध्ये टोरांटोत टिल आणि मॅक्युलॉक यांनी किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना अस्थिमज्जेच्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजाच्या, पेशी टोचल्या. उंदरांच्या प्लीहेत बारीक गाठी आल्या. एकेक गाठ एकाच पेशीतून वाढलेली होती, हे पुढे सिद्ध झालं. आजचं मज्जारोपण या समजुतीवर उभं आहे. 1988 मध्ये पॅरिसला एका आजारी मुलाला नाळेतलं रक्त देण्यात आलं. पण ते त्याचं स्वतःचं नव्हतं, नवजात बहिणीचं होतं. पत्रकात नेमकं हेच नसतं.

वाद पेटला तो 1998 मध्ये. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञानं मानवी भ्रूणातून मूळपेशी वेगळ्या काढल्या. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातून उरलेले, अवघ्या काही दिवसांचे भ्रूण, पण पेशी काढताना ते नष्ट होत. ते जीव मानायचे का? ऑगस्ट 2001 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी या संशोधनासाठीचा सरकारी पैसा फक्त आधीच तयार झालेल्या पेशींपुरता ठेवला. त्या पेशी जगात कुठे आहेत याच्या यादीत मुंबई आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळाही होत्या. 2006 मध्ये जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना मूळपेशींसारखं रूप दिलं. 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि या पद्धतीत भ्रूण लागत नसल्यानं त्या वादाची धार बरीच बोथट झाली.

आपल्याकडे मात्र प्रश्न भ्रूणाचा कमी आणि हतबल आईबापांच्या खिशाचा जास्त. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2007 च्या मार्गदर्शक सूचनांच्या नावात 'संशोधन आणि उपचार' होतं. 2013 मध्ये 'उपचार' हा शब्दच काढला गेला. कारण सरळ होतं: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रोपण सोडलं, तर बाकी सगळं तेव्हा चाचणीच्या टप्प्यावर होतं. तरी स्वमग्न मुलांना मूळपेशींची इंजेक्शनं देऊन पैसे उकळणं चालूच राहिलं, आणि याची मला मनापासून चीड येते. 2017 च्या सूचनांनी हेही बजावलं की नाळेतलं रक्त त्याच बाळासाठी राखून ठेवायला शास्त्रीय आधार नाही.

याचं कारण इंदूरला एमवाय रुग्णालयात समजतं. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या मुलाच्या नाळेतल्या रक्तातही तोच जनुकीय दोष असतो, मग ते साठवून त्याला काय उपयोग? लागते ती जुळणाऱ्या दुसऱ्याची मज्जा, आणि सख्खं भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. 2018 पासून या सरकारी रुग्णालयात मज्जारोपण होऊ लागलं.

भाचीला म्हटलं, पत्रक राहू दे, थॅलेसेमियाची तपासणी केलीस का ते सांग. तिनं पुन्हा फाईल उघडली. अहवाल होता, आणि नॉर्मल होता.