मोठा पंप बसवलात, पण पेट्रोल परत कुठून जाणार?

टर्बोवाल्या गाडीत मोठा फ्युएल पंप टाकला की सगळ्यांचं लक्ष फुल थ्रॉटलवर, पेट्रोल पुरतंय का, मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) होतंय का. बरोबरच आहे, तिथे चुकलं तर पिस्टन वितळतो. पण मोठा पंप खरा त्रास देतो तो गाडी आयडलला, इंजिन चालू ठेवून, नुसती उभी असताना, आणि त्याला कारण असते रिटर्न लाइन, म्हणजे उरलेलं पेट्रोल टाकीत परत नेणारा पाइप, जिच्याकडे कुणी ढुंकूनही बघितलेलं नसतं.

आधी हिशोब बघू. फुल लोडवर टर्बो पेट्रोल इंजिनला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल धरा, म्हणजे ४०० हॉर्सपॉवरला १०८ किलो, लिटरमध्ये १४५ च्या आसपास. मग २५५ लिटरवाला पंप चिक्कार झाला की! तर नाही, कारण तो २५५ चा आकडा साधारण ४० पीएसआय प्रेशरला आणि १३.५ व्होल्टला मोजलेला असतो. इंजेक्टरचं (पेट्रोल फवारणाऱ्या नोझलचं) तोंड मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये असतं आणि तिथे २० पीएसआय बूस्ट (टर्बोने वाढवलेलं हवेचं प्रेशर) असेल तर ती हवा पेट्रोलला उलटी ढकलत असते, म्हणून रेग्युलेटरला, म्हणजे जास्तीचं पेट्रोल रिटर्नला सोडून प्रेशर सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हला, मॅनिफोल्डची नळी जोडलेली असते आणि बूस्ट जितका वाढेल तितकंच तो रेलचं (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचं) प्रेशर वाढवतो. मूळचं ४३.५ असेल तर आता ६३.५. एवढ्या प्रेशरला तोच पंप कमी पेट्रोल देतो, जास्त अँपिअर खातो, आणि कंपनीच्या बारीक वायरीतून त्याच्यापर्यंत जेमतेम ११.५ व्होल्ट पोचत असतील तर आणखीच ढेपाळतो. त्यामुळे पंपाच्या आधी वायरिंग बघा, बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज आणि रिले. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं.

आता आयडल. इंजिन तासाला लिटर-दोन लिटर पितंय, पंप मात्र तसाच फुल फिरतोय, म्हणजे उरलेलं जवळपास सगळं पेट्रोल टाकीत परत जायला हवं. कंपनीने रिटर्नचा पाइप दिलेला असतो तो तिच्या छोट्या पंपाच्या मापाने. आतून ६ मिमीच्या पाइपातून तासाला २५० लिटर पाठवलं तर चार मीटरमध्ये ५-६ पीएसआय नुसते घर्षणात जातात. एवढं चालून जातं. पण तसेच दोन पंप लावले की प्रवाह दुप्पट आणि नुकसान दुप्पट नाही तर जवळजवळ चौपट, २० च्या घरात. वर रेग्युलेटरचं बारीक भोक, बेंड, टाकीत परतीच्या तोंडाचा बारीक जेट, ते सगळं वेगळंच. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो म्हणून रेग्युलेटरला प्रेशर ३३ च्या आसपास ठेवायचंय आणि परतीच्या वाटेलाच ४० लागतायत, मग तो बिचारा व्हॉल्व्ह सताड उघडून बसतो, याहून जास्त त्याच्या हातात काही नसतं. प्रेशर चढलेलंच राहतं आणि इंजेक्टर गरजेपेक्षा जास्त पेट्रोल सोडतात.

एका मित्राच्या गाडीत अगदी हेच झालं होतं. आयडलला पेट्रोलचा वास, प्लग काळे, व्हॅक्यूमची नळी काढून गेज बघितलं तर ४३ च्या जागी ५२. रेग्युलेटरचा स्क्रू पार बाहेरपर्यंत फिरवला तरी काटा ढिम्म हलेना. रेग्युलेटर खराब म्हणून नवीन आणला, तेच ५२! शेवटी इंजिन थंड आणि बंद ठेवून, मोकळ्यावर, अग्निशामक बाजूला घेऊन रेग्युलेटरचा रिटर्न सोडवला, जाड होज लावून थेट कॅनमध्ये सोडला आणि नुसता पंप चालवला, काटा लगेच खाली. मग स्क्रूही ऐकायला लागला. दोष पाइपाचा होता आणि पैसे गेले रेग्युलेटरवर.

उपाय सोपा आहे, जाड पाइप. ६ ऐवजी साडेनऊ मिमी घेतला की तेच नुकसान जवळपास नवव्या हिश्शावर येतं, कारण व्यास थोडा वाढला तरी फरक चौथ्या-पाचव्या घाताने पडतो.

परत येणारं पेट्रोल रेलची उष्णताही घेऊन येतं. टाकी भरलेली असेल तर ती पचते, तळाशी थोडंच उरलेलं असेल तर तेच पेट्रोल गोल गोल फिरून तापत जातं, मग ओढून घेतानाच त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पंप किंचाळायला लागतो. ट्रॅकवर रिकाम्या टाकीने जाऊ नका म्हणतात त्यात हेही आलंच.

काहीजण दुसरा पंप बूस्ट स्विचवर ठेवतात, बूस्ट आला की चालू, एरवी बंद, म्हणजे आयडलला रिटर्नवर भार नाही. कल्पना हुशार आहे पण मला आवडत नाही, कारण बंद असलेला पंप मेलाय हे तुम्हाला कळणार ते पूर्ण बूस्टमध्येच. करायचंच असेल तर आधी प्रेशर सेन्सर लावा आणि बूस्टमध्ये रेलचं प्रेशर पडलं की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन कट करेल असं सेटिंग टाका, मग दुसऱ्या पंपाला हात लावा.