स्वरज्ञान आणि मेंदू

स्वरज्ञान म्हणजे स्वराची उंची ओळखणे, दोन स्वरांमधले अंतर जाणणे आणि ते ध्यानात ठेवणे. ‘याचा कान तयार आहे’ असे आपण म्हणतो खरे. पण कानापर्यंत येतात ती हवेची कंपने. त्यांचा सूर होतो तो मेंदूत.

अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यातला लांबट पडदा तार स्वरांना मुळाशी आणि खर्जातल्या स्वरांना टोकाशी अधिक थरथरतो. हे दाखवून देणारे गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी ही मांडणी कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या श्रवणचेतेतून थेट मेंदूच्या बाह्यकापर्यंत, म्हणजे बाहेरच्या थरापर्यंत, टिकून राहते.

मात्र नुसत्या मांडणीवरून सूर कळत नाही. ४००, ६०० आणि ८०० हर्ट्झचे स्वर एकत्र वाजवले, तर ऐकणाऱ्याला २०० हर्ट्झचा सूर जाणवतो. तो हवेत कुठेच नसतो. बाकीच्यांच्या नात्यावरून मेंदू तो उभा करतो. जुन्या टेलिफोनच्या तारेतून ३०० हर्ट्झखालचे फारसे काही जात नसे. तरीही शंभरेक हर्ट्झचा पुरुषी आवाज पलीकडे भारदस्तच ऐकू येई, तो याचमुळे.

याची उलट बाजू तंबोऱ्यात अनुभवता येते. घोडीवरचा जवारीचा दोरा केसभर सरकवत खर्ज नेमका लागला, की त्यातून कोणीही न छेडलेला गांधार उमटू लागतो. गवई त्याला ‘स्वयंभू गांधार’ म्हणतात. खर्जाच्या पाचपट कंपनांचा हा स्वर तारेत असतोच. पण नवख्याला फक्त खर्ज ऐकू येतो. एकाच आवाजातून मूळ सूर उचलणे आणि त्याच्या पोटातले स्वर वेगळे करणे, ही ऐकण्याची दोन वळणे आहेत. पेटर श्नायडर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्यांचा मेंदूच्या रचनेशी संबंध दाखवला. कानशिलामागच्या ‘हेश्ल वळी’चा (मेंदूच्या एका घडीचा) बाहेरचा भाग डावीकडे मोठा असलेले लोक मूळ सुराकडे झुकतात, तर उजवीकडे मोठा असलेले घटक स्वरांकडे.

ही वळी संगीतकारांमध्ये अधिक भरलेली आढळते. ते उपजत की रियाझाने, याचे उत्तर एका बाजूचे नाही. सहा वर्षांच्या मुलांना पंधरा महिने कळफलकाचे वाद्य शिकवल्यावर त्यांच्या श्रवणक्षेत्रात बदल दिसले (२००९). दुसरीकडे, जुळ्यांच्या अभ्यासात चुकीचा सूर ओळखण्याच्या क्षमतेवर आनुवंशिकतेचा मोठा प्रभाव दिसला (२००१).

कोणताही आधारस्वर न घेता ‘ही काळी एक’ असे सांगता येणे, या गुणाचे कौतुक गरजेपेक्षा जास्त होते. हिंदुस्थानी संगीतात षड्ज ज्याच्या त्याच्या पट्टीप्रमाणे बदलतो. तिथे खरी कसोटी लागते ती षड्जापासूनच्या अंतरांची.

काही थोड्यांना जन्मतःच सूर कळत नाही; याला स्वरांधत्व म्हणतात. शब्द काढून घेतले तर ओळखीचे गाणेही त्यांना ओळखता येत नाही आणि अर्ध्या स्वराहून लहान फरक सहसा निसटतो. श्रवणशक्ती आणि बोलणे मात्र ठीक असते. शाळेच्या प्रार्थनेत ‘तू नुसते ओठ हलव’ असे ज्या मुलाला सांगितले जाते, ते बहुधा यांतले नसते. बेसूर गाणाऱ्या अनेकांना सूर नीट ऐकू येतो, गळ्यातून तो तसा निघत नाही, एवढेच. आणि अशा मुलाला गप्प बसवणे म्हणजे त्याचा सरावच काढून घेणे होय.

जन्मजात स्वरांधत्वात ऐकण्याची आणि गळा चालवण्याची क्षेत्रे जोडणारा कमानीसारखा तंतुसमूह उजव्या गोलार्धात क्षीण आढळला आहे. इझाबेल पेरेत्झ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशा व्यक्तींच्या मेंदूतील विद्युतलहरी नोंदवल्या. पाव स्वराने ढळलेला सूर आला तेव्हा मेंदूने प्रतिसाद दिला होता. ती व्यक्ती मात्र सांगत होती, काही चुकल्याचे ऐकू आले नाही.