खुला गट नेमका कुणाला खुला?

चैत्रात मुळशी-मावळाकडे निघालात की रस्त्याच्या कडेला जत्रांचे फ्लेक्स सुरू होतात. वरच्या कोपऱ्यात ग्रामदैवत, खाली देणगीदारांची रांग आणि मधोमध दंड फुगवून उभे असलेले दोन पैलवान. ‘एक नंबरची कुस्ती’, शेजारी इनामाचा आकडा. मग दोन नंबर, तीन नंबर. इनाम उतरत जाते तसा फोटोही बारीक होत जातो आणि अगदी तळाला नुसती एक ओळ उरते: लहान कुस्त्या दुपारी दोनपासून. कुणाचे वजन किती, हे फ्लेक्सवर कुठेही छापलेले नसते. छापायची गरजही नसते.

हलक्या वजनाच्या पैलवानाला आपल्याकडे भाव का नाही, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत पुण्याच्या तालमींत जरा मोठ्याने विचारला जाऊ लागला आहे. त्याला कारण ऑलिंपिक. भारताला कुस्तीत आजवर आठ ऑलिंपिक पदके मिळाली. पहिले १९५२ चे, हेलसिंकीतले, कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबांचे. शेवटचे २०२४ चे, पॅरिसमधले. या दोन्हींचे वजन एकच, ५७ किलो. मधल्या सहांपैकीही एकाचे वजन ६६ किलोच्या वर नाही. आणि आपल्याकडे ज्या किताबासाठी गर्दी लोटते, त्या ‘महाराष्ट्र केसरी’च्या गटाचा काटा सुरूच होतो ८६ पासून. म्हणजे देशाला पदक देणारी वजने जिथे संपतात, त्याच्या पुढे वीस किलोंवर आपली केसरीची गदा.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. अथेन्सच्या १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीला वजनगट नव्हते. तिथे बुटक्या चणीच्या एका जर्मन जिम्नॅस्टने वजन उचलण्यात अव्वल ठरलेल्या गड्याला पाडून स्पर्धा जिंकली. पुढे वजनगट आले. आपल्याकडे संस्थानी काळात पैलवान हा पोसायचा असे. दूध, तूप, बदाम, थंडाईचा खर्च दरबार करी. मग पोसलेले दिसायलाही हवेच. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून पुरे केले, ते अशाच थोरल्या जोडी हजारोंना एकदम दिसाव्यात म्हणून. आश्रयदात्याची ऐपत पैलवानाच्या मांडीवरून मोजली जायची. आज संस्थान नाही, पण हिंजवडी आणि चाकणच्या बाजूला जमिनीला भाव आला तशी गावोगाव इनामे चढली आणि ही मोजदाद पुन्हा जोरात सुरू झाली.

जत्रेच्या मैदानात वजनकाटा नसतोच. पंच दोन पोरांना खांद्याला खांदा लावून उभे करतात, उंची, छाती, मान नजरेने जोखतात आणि जोड लावतात. लहान पोरे रेवड्यांवर, नारळावर खेळतात. मग शंभर, पाचशे, हजार. सगळ्यात शेवटी, उन्हे उतरल्यावर, लाखाची. वजनाची उतरंड इथे पैशाच्या उतरंडीत मुरलेली आहे. प्रेक्षकही त्या हिशेबाने येतो. मागच्या वर्षी मुळशी खोऱ्यातल्या एका जत्रेत साडेतीनच्या उन्हात दोन पोरांची कुस्ती पाहिली. साठ किलोंच्या आतली वजने असावीत. एकाने पट काढला, दुसऱ्याने तो सोडवताना ढाक मारली, पहिला हवेतच वळून पोटावर पडला आणि उठून परत भिडला. दोन मिनिटांत पाच डाव. मैदानाभोवती माणसे मोजून घ्या, आणि हलगीवाला सावलीत चहा पीत बसलेला. सहा वाजता त्याच मातीच्या हौद्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. एक नंबरची जोड वीस मिनिटे मानेवर हात टाकून एकमेकांना ढकलत राहिली. शेवटी कुस्ती गुणांवर लावली. लोक कुरकुरले, पण उठून कुणी गेले नाही.

शौकिनाला विचारले तर तो ‘ताकद’ म्हणेल. मला वाटते ही ओढ निकालाची आहे. थोरली जोड सुटली की मैदान सुटते. तिच्यानंतर काही नसते. जे शेवटी येते तेच मोठे, ही सवय पिढ्यान्‌पिढ्या मुरली आहे.

आता मुख्य गुंत्याकडे. महाराष्ट्र केसरी १९६१ पासून. किताबाच्या गटाला बोलीत ‘खुला गट’ म्हणतात, कागदोपत्री ‘केसरी गट’. आजची मर्यादा ८६ ते १२५ किलो. गंमत अशी की खुला म्हणवणारा हा गट दोन्ही बाजूंनी बंद आहे. वरचा अडसर बाहेरून आला. आंतरराष्ट्रीय कुस्तीत सगळ्यात जड गट १९८४ च्या ऑलिंपिकपर्यंत खरोखरच बिनमर्यादेचा होता, शंभराच्या वर कितीही. १९८८ ला तिथे १३० ची कमाल मर्यादा दिसते, २००४ ला १२०, आणि आता फ्रीस्टाइलमध्ये १२५. आपण ते आकडे घेतले, नाव मात्र जुनेच ठेवले.

खालच्या मर्यादेचे काय? ती ठेवण्यामागे कारण आहे, आणि ते फुसके नाही. माती ओली-भुसभुशीत असते, पाय रुततो, हलक्याला चपळाईचा फायदा घेता येत नाही. सव्वाशे किलोचा माणूस सत्तर किलोच्या पोराच्या मानेवर आला तर प्रश्न डावाचा राहत नाही. हे मान्य. पण मग हा गट खुला कसा? हा फक्त एक फार रुंद वजनगट झाला, तब्बल ३९ किलो रुंदीचा. ५७ पासून ९७ पर्यंतचे बाकीचे गट चार ते सात किलोंचे, आणि हा एकटा एवढा. शिवाय ८६, ९२ आणि ९७ चे वेगळे विजेते असतातच. म्हणजे ९२ किलोचा राज्यविजेता आणि केसरी एकाच स्पर्धेत, एकाच मांडवाखाली. पहिल्याचे नाव गेल्या वर्षी काय होते, हे स्पर्धा न चुकता पाहणाऱ्यांपैकी किती जण सांगतील?

यावर संघटनेतली मंडळी म्हणतात की केसरी हा गट नाही, तो किताब आहे, त्याला गटाचे माप लावू नका. हेही ऐकायला बरे वाटते. पण किताब असेल तर दार सगळ्यांना हवे. जपानमध्ये ज्युडोची सर्वात मानाची राष्ट्रीय स्पर्धा आजही वजन न पाहता होते. तिथे १९९० मध्ये ऐंशी किलोंच्या आतला एक ज्युडोपटू अंतिम फेरीपर्यंत गेला. समोरच्या धिप्पाड गड्याकडून तो हरला, पण त्याला कुणी दारात अडवले नव्हते. ऑलिंपिकने ज्युडोचा खुला गट १९८४ नंतर बंद केला. जपानने घरचा चालू ठेवला. तिथे खुला म्हणजे खुलाच.

कोथरूडला जानेवारी २०२३ मध्ये झालेली स्पर्धा या सगळ्याचा नमुना म्हणून पुरेशी आहे. केसरीला थार, उपविजेत्याला ट्रॅक्टर, वजनगटांच्या विजेत्यांना मोटारसायकल. बक्षिसांची ही रांगच सांगते कोण कुठे बसतो. मातीवरच्या कुस्त्यांच्या विभागात ‘बाहेरची टांग’ या डावावर दिलेल्या चार गुणांचा वाद पुढे कितीतरी दिवस वाहिन्यांवर आणि मोबाइलवर घोळला. अंतिम कुस्ती मिनिटभराच्या आत संपली. बाकीच्या गटांच्या निकालांना वर्तमानपत्रात खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांची चौकट मिळाली. आणि गदा! आत लाकूड, वर चांदीचा पत्रा. ती खांद्यावर घेतलेला फोटो गावात वर्षभर टिकतो. मोटारसायकल खांद्यावर घेता येत नाही.

मुष्टियुद्धातही असेच वाटते, पण तिथला इतिहास थोडा वेगळ्या वाटेने गेला. लंडनमध्ये १९०९ ला आठ गट पक्के झाले आणि त्यानंतर निदान पाऊण शतक ‘विश्वविजेता’ म्हटले की हेवीवेटच. तरी आजवर पैसे मोजून सर्वाधिक घरांत पाहिली गेलेली लढत मे २०१५ ची, १४७ पौंडांची, म्हणजे ६६-६७ किलोंची. हलक्या वजनालाही गर्दी होते, फक्त तिथे वर्षानुवर्षे कुणीतरी त्या दोघांची गोष्ट सांगत राहावी लागते. मिश्र मार्शल आर्टच्या पिंजऱ्यात १९९३ ला वजनगटच नव्हते; पहिली स्पर्धा ऐंशी किलोंच्या आसपासच्या सडपातळ माणसाने जिंकली. उलट मुष्टियुद्धात हेवीवेटच्या खालोखालचा क्रूझरवेट कायम उपरा. तिथले उत्तम खेळाडू पट्टे गोळा करतात आणि वर निघून जातात. आपले ९२ आणि ९७ हे असेच फलाटावर उभे असलेले गट.

दोन पैलवान बाजूबाजूला ठेवून पाहा. एक बीडकडून लहानपणी पुण्याच्या तालमीत आलेला: २०१८ ला राष्ट्रकुल सुवर्ण ५७ किलोत, २०१९ ला जागतिक कांस्य ६१ किलोत. दुसरा मुंबईचा: २०११ पासून लागोपाठ तीन वेळा केसरी. हा दुसरा आंतरराष्ट्रीय मॅटवर ७४ किलोचा, आणि त्या वजनात त्याचेही २०१५ चे जागतिक कांस्य आहे. रिक्षावाल्याला विचारा, त्याला तीन गदा आठवतात.

पॅरिसला ऑगस्ट २०२४ मध्ये शंभर ग्रॅमनी एक अंतिम फेरी हुकली, तेव्हा कुस्ती न पाहणाऱ्या घरांतही वजनकाट्याची चर्चा झाली. वजन उतरवणे म्हणजे काय, हे लोकांना त्या दिवशी कळले. आपल्याकडे त्याच काट्यावर उलटाही प्रकार चालतो. एका निवड चाचणीच्या सकाळी मी तालमीच्या ओसरीवर बसलो होतो. आत ५७ ची पोरे दोन-दोन जर्किन घालून दोरीउड्या मारत होती, थुंकत होती, एकाच्या ओठांना भेगा पडलेल्या. बाहेर पायरीवर एक उंच, रेखीव पोरगा, नेहमी ७९ ला खेळणारा. वस्तादांनी या वर्षी त्याला केसरी गटात चढवायचे ठरवले होते. त्याने चार केळी खाल्ली, दुधाचा लोटा संपवला, मग पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि डोळे मिटून घोट-घोट रिचवत राहिला. काट्यावर ८५.६ आले. वस्ताद काही बोलले नाहीत. दुसरी बाटली पुढे केली.