दूरच्या ठिकाणी लग्न: इसार देण्याआधी वाचा

घराजवळच्या लग्नात काही राहिलं तर कोणीतरी गाडी काढतं आणि तासाभरात ते घेऊन येतं. लग्न दूर असेल तर ही सोय जाते. जागा, सजावट, छायाचित्रकार हे सगळं आज घरबसल्या ठरवता येतं. ऐन वेळी निस्तरणं मात्र घरबसल्या जमत नाही. म्हणून दूरच्या लग्नाचं नियोजन करून घ्यायला आमच्याकडे आलेल्या कुटुंबांना आम्ही जागेचे फोटो बघण्याआधी दोन गोष्टी विचारतो. तिथे तुमच्या वतीने निर्णय घेणारा माणूस कोण? आणि कोण आलं नाही तर हे लग्न तुम्हाला लग्न वाटणार नाही?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून आणा. ही नावं सहसा मोजकीच असतात: आजी, थोरले काका, गरोदर बहीण, परदेशात शिकणारा भाऊ. जागा आणि तारीख या मंडळींवरून ठरवा, बाकीच्या पाहुण्यांची सोय त्यानंतर लागते. डोंगरावरची जागा मनात असेल तर उंची विचारून घ्या. साधारण 2,500 मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास तरुणांनाही होतो. हृदयाचा किंवा दम्याचा आजार असलेल्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. शेवटच्या विमानतळापासून किंवा स्टेशनपासून लग्नाच्या जागेपर्यंतचा प्रवासही मोजा. वयस्कर माणसं विमानात दमत नाहीत इतकी त्या शेवटच्या घाटात दमतात.

विधी आणि नोंदणी वेगळ्या ठेवता येतात का, ते पाहा

लग्न दुसऱ्या देशात असेल तर सर्वांत आधी कागदपत्रं, मग बाकी सगळं. प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये लग्न करणार असल्याची नोटीस नोंदणी कार्यालयाला देण्याआधी किमान 7 दिवस तिथे राहावं लागतं आणि नोटिशीनंतर किमान 28 दिवस थांबावं लागतं. भारतात विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे लग्न करायचं तर दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान 30 दिवस वास्तव्य लागतं, आणि नोटिशीचे 30 दिवस वेगळे. उलट अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात परवाना मिळाला की त्याच दिवशी लग्न लागू शकतं.

म्हणून बऱ्याच जोडप्यांना आमचा सल्ला असतो की कायदेशीर नोंदणी आपण राहतो तिथे शांतपणे उरकून घ्या आणि समारंभ दूर करा. पाहुण्यांच्या आनंदात यामुळे काही फरक पडत नाही आणि तुमच्या डोक्यावरचा मोठा भार उतरतो. मात्र विधी करणाऱ्यांना किंवा धार्मिक संस्थेला ही गोष्ट आधी सांगून ठेवा, कारण काही ठिकाणी नोंदणी झालेल्या जोडप्याचा विधी करण्याचे नियम निराळे असतात.

नोंदणी परदेशातच करायची असेल तर ‘अपोस्टिल’ हा शब्द तुमच्या कानावर येईल. 1961 च्या हेग करारातल्या देशांमध्ये एका देशाचा सरकारी कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून त्यावर हे प्रमाणपत्र लावतात. भारतात ही पद्धत 2005 पासून आहे, कॅनडात 11 जानेवारी 2024 पासून सुरू झाली. त्यामुळे जुनी माहिती वाचून दूतावासाच्या रांगेत उभं राहू नका. अविवाहित असल्याचा दाखला, जन्मदाखला आणि अधिकृत भाषांतर यांतला कोणता कागद किती महिन्यांच्या आतला लागतो, हे तिथल्या नोंदणी कार्यालयाकडून लेखी मागवा. आणि विवाहाच्या दाखल्याच्या प्रती जास्तीच्या घ्या. घरी परतल्यावर त्याच कार्यालयातून आणखी प्रत मिळवणं फार जिकिरीचं होतं.

जागा बघायला जाल तेव्हा

एक तरी फेरी कराच. शक्य असेल तर वर्षाच्या ज्या दिवसांत लग्न आहे त्याच दिवसांत आणि ज्या वेळेला विधी आहे त्याच वेळेला जा. जिथे वधूवर उभे राहणार तिथे स्वतः उभे राहा. ऊन डोळ्यांवर येतं का? वाऱ्याने कापड किती फडफडतं? मग पाहुण्यांच्या खुर्चीत बसून समोर बघा. नंतर गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या चालीने खोलीपासून विधीच्या जागेपर्यंत आणि तिथून स्वच्छतागृहापर्यंत चालत जा. वाटेतल्या पायऱ्या मोजा, कठडा आहे का बघा. हिरवळ असेल तर चाकाची खुर्ची तिच्यावर ढकलता येईल का, हेही बघा.

समोरचं प्रवेशद्वार सगळेच दाखवतात. तुम्ही मागचं दार बघायला मागा. सामानाचा ट्रक तिथून आत येतो का, की सगळं हमालांनी डोक्यावरून आणायचं? सजावटीला किती तास लागतील, ते यावरच अवलंबून असतं. आदल्या रात्री तिथे दुसरं कार्य असेल तर जागा तुमच्या हाती किती वाजता येणार, तेही तिथेच विचारा. जनरेटर किती केव्हीएचा (म्हणजे किती क्षमतेचा) आहे, त्यावर दिवे, ध्वनिव्यवस्था आणि स्वयंपाकघर एकाच वेळी चालतं का, आणि वीज गेल्यावर तो किती वेळात सुरू होतो, हे व्यवस्थापकापेक्षा तिथल्या वायरमनला विचारलेलं बरं. तो खरं सांगतो.

संध्याकाळचे फोटो हवे असतील तर त्या तारखेचा सूर्यास्त आजच बघून ठेवा. विषुववृत्ताजवळ सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधार दाटतो. उत्तरेकडच्या देशांत उन्हाळ्यात संधिप्रकाश तासन्‌तास रेंगाळतो. एकाच वेळापत्रकाने दोन्हीकडे काम भागत नाही.

जाणं शक्यच नसेल तर व्हिडिओ कॉलवर जागा बघा, पण अट घाला: फाटकापासून सुरुवात, कॅमेरा मध्ये बंद करायचा नाही, आणि आपण सांगू तिकडे वळायचं. निवडून पाठवलेल्या क्लिपमध्ये शेजारचं बांधकाम कधीच दिसत नाही.

करारात काय वाचायचं

‘सगळं धरून’ या दोन शब्दांवर सही करू नका. काय धरलेलं नाही, त्याची यादी मागा. कर, जादा तास, साफसफाई, सुरक्षारक्षक, बाहेरचा सजावटकार आणल्यास लागणारा आकार हे सहसा त्या यादीत निघतं. कार्यक्रम संपण्याची वेळ म्हणजे पाहुणे उठण्याची की हॉल रिकामा करून देण्याची, हेही लिहून घ्या.

तारीख बदलणं आणि लग्न रद्द होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कलमंही वेगळी हवीत. वादळ, पूर, साथ, सरकारी बंदी अशा कोणाच्याही हातात नसलेल्या कारणांचं कलम असेल तर पैसे परत मिळणार की नुसती दुसरी तारीख मिळणार, ते नीट वाचा. खोल्या एकदम धरून ठेवल्या असतील तर न भरलेल्या खोल्या कोणत्या तारखेपर्यंत विनादंड सोडता येतात, ती तारीख मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. रक्कम परकीय चलनात असेल तर कोणत्या दिवसाचा दर धरणार, ते ठरवून घ्या. फोनवर बोलणं झालं की लगेच चार ओळींचा मेल टाका: आज हे हे ठरलं. यात अविश्वास नसतो. समोरचा चांगला व्यावसायिक असेल तर त्यालाही ते हवंच असतं.

सामान आणि वेळा

लग्नाचे कपडे, दागिने, अंगठ्या, मूळ कागदपत्रं आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. ती बॅग विमानात खाली द्यायची नाही. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्याही चेक-इन सामानात चालत नाहीत. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामान फाटलं-तुटलं तर 1999 च्या माँट्रियल करारानुसार ते हाती आल्यापासून 7 दिवसांत, आणि उशिरा मिळालं तर 21 दिवसांत विमान कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. लग्नाच्या गडबडीत ही मुदत निघून जाते, म्हणून हे काम आधीच एखाद्या भाच्याकडे सोपवा.

युरोप आणि अमेरिकेशी बोलणी चालू असतील तर मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सांभाळा. युरोपात घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एका तासाने पुढे-मागे करतात, अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या दिवसांत नेहमीचं गणित एका तासाने चुकतं. भेटीची वेळ लिहिताना दोन्ही शहरांची वेळ लिहा.

आम्ही काय करतो

जागा आणि माणसं शोधणं, करार तुमच्यासोबत ओळीओळीने वाचणं, आणि लग्नाच्या आधीपासून शेवटचा पाहुणा परत निघेपर्यंत तिथे हजर राहणं, हे आमचं काम. आमचं मानधन आधी ठरतं आणि लेखी असतं. जागेवाल्यांकडून किंवा सजावटकारांकडून आम्ही कमिशन घेत नाही, कारण मग तुम्हाला एखादी जागा नको सांगायला आमची जीभ रेटणार नाही. निर्णय मात्र आम्ही घेत नाही. त्यासाठी घरातलं एक नाव आम्हाला द्या. नवरा-नवरी सोडून दुसरं कोणीतरी, कारण त्या दिवशी त्यांना फोन घ्यायला लागू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

पहिल्या भेटीला येताना ती मोजक्या नावांची यादी, चालतील अशा दोन-तीन तारखा, दोन्हीकडच्या पाहुण्यांचा अंदाजे आकडा आणि ते कोणत्या शहरांतून निघणार याची माहिती आणा. बजेटचा आकडा दोन्ही घरांनी आधी आपसात बोलून ठरवलेला असावा. जागेचा इसार दिलेला असेल तर पावती आणि कराराची प्रत सोबत ठेवा. दिला नसेल तर भेट होईपर्यंत देऊ नका.