गंधकाच्या धुरीला एन-९५ का पुरत नाही

द्राक्षाचा हंगाम उतरणीला लागला की तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या बेदाणा शेड भरू लागतात, आणि त्याच सुमारास एक प्रश्न हमखास कानावर येतो : "बेदाण्याला गंधकाची धुरी देताना एन-९५ लावला तर चालतंय न्हवं?" कोविडनं आपल्याला मास्कचं एकच नाव शिकवलं. कुपवाडच्या फाउंड्रीपासून मिरजेच्या गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजपर्यंत सगळीकडे आता तेच नाव चालतं. धुरीपुरतं उत्तर सोपं आहे : नाही चालत. का चालत नाही, हे मात्र जरा सावकाश समजून घेण्यासारखं आहे.

मास्क म्हणजे बारीक चाळणी, ही समजूत आधी काढून टाकू. एन-९५ च्या कापडातल्या फटी बारीक धुळीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. मोठ्या कणाला हवेबरोबर वळण घेता येत नाही, तो सरळ जाऊन तंतूवर आदळतो. अगदी बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडावाकडा भटकतो आणि भटकता भटकता तंतूला लागतो. १८२७ साली रॉबर्ट ब्राउनला सूक्ष्मदर्शकाखाली दिसली ती हीच थरथर. अडचण मधल्यांची, ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्यांची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ते सरळ आदळण्याइतके जड नाहीत आणि भटकण्याइतके हलकेही नाहीत. म्हणून परीक्षा त्यांच्यावरच घेतात. किमान ९५ टक्के कण अडले तर ९५ हा आकडा मिळतो. शिवाय तंतूंना विद्युतभार दिलेला असतो, तोही कण ओढून घेतो. 'एन' वर्ग तेलकट हवेसाठी नाही. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशिनच्या कटिंग ऑइलचा धूर त्या भारावर बसला की फिल्टर कमजोर पडतो, तिथं 'आर' किंवा 'पी' वर्ग घ्यायचा.

आता गंधकाचा धूर. गंधक जळून होणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचा रेणू अर्ध्या नॅनोमीटरहून लहान (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग), म्हणजे त्या ०.३ मायक्रॉनच्या कणापेक्षा सहाशे-सातशे पटींनी लहान. जितकं बारीक तितकं भटकणं जास्त, हा न्याय लावला तर हा रेणू हमखास सापडायला हवा. आणि तो तंतूवर आदळतोही, पुन्हा पुन्हा. पण थांबत नाही. धुळीचा कण एकदा टेकला की पृष्ठभागाच्या ओढीनं तिथंच बसतो. रेणूकडे मात्र उष्णतेची एवढी ऊर्जा असते की तो टेकल्या टेकल्या उडून पुढे जातो. वायूला तंतूपर्यंत नेणं अवघड नाही, त्याला तिथं धरून ठेवणं अवघड आहे. वायूसाठीच्या रबरी मास्कला जी डबी, म्हणजे कार्ट्रिज, लावतात, तिच्यातला कोळसा तेवढ्यासाठीच असतो.

वापरून झालेली एक कार्ट्रिज मी हॅक्सॉने कापून पाहिली आहे. आत जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा काळ्या, टणक दाण्यांचा थर. 'भरलेला' दाणा आणि कोरा दाणा शेजारी ठेवले तर डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही. हा कोळसा बऱ्याचदा नारळाच्या करवंटीचा असतो. करवंटी जाळून झाल्यावर ८०० अंशांच्या वर तापवून त्यातून वाफ सोडतात. वाफ कोळसा कुरतडते आणि दाण्यात असंख्य सूक्ष्म विवरं पडतात, कित्येक तर दोन नॅनोमीटरपेक्षाही अरुंद. एका ग्रॅमच्या आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं. पन्नास ग्रॅम कोळसा धरला तर बारा एकर रान झालं, तेही मुठीत मावणारं!

पण खरी गंमत क्षेत्रफळात नाही, अरुंदपणात आहे. कोणताही पृष्ठभाग जवळच्या रेणूला किंचित ओढतो, या ओढीला व्हॅन डर वाल्स बल म्हणतात. सपाट पृष्ठभागावर ती एकाच बाजूनं असते, म्हणून रेणू सुटतो. विवर रेणूच्या दोन-तीन पट रुंदीचं असेल तर दोन्ही भिंती एकदम ओढतात, आणि ज्या वाफेचं एरवी त्या तापमानाला द्रव व्हायचं कारण नव्हतं, ती विवरात द्रवासारखी दाटीनं साचते. मग कोणता रेणू टिकेल, हे त्याच्या उत्कलनबिंदूवरून बरंचसं सांगता येतं. थिनरमधलं टोल्युइन १११ अंशांना उकळतं, ते घट्ट बसतं. ॲसिटोन ५६ अंशांना, त्याची पकड ढिली. कार्बन मोनॉक्साइड उकळतो उणे १९१ अंशांना. हवेतला ऑक्सिजन उणे १८३ आणि नायट्रोजन उणे १९६. म्हणजे कार्बन मोनॉक्साइड या दोघांच्या मध्येच बसतो. साधा कोळसा त्याला ओळखून वेगळा काढणार कसा? बंद शेडमध्ये जनरेटर चालू असेल तर गळ्यात कितीही भारी कार्ट्रिज असो, ती या वायूपुरती शोभेचीच.

सल्फर डायऑक्साइड उकळतो उणे १० अंशांना, अमोनिया उणे ३३ अंशांना. दोघेही नुसत्या ओढीनं पुरेसे टिकणारे नाहीत. म्हणून कोळशावर रसायनाचा लेप देतात. आम्लधर्मी वायूसाठी अल्कधर्मी, अमोनियासाठी आम्लधर्मी किंवा धातूंचे क्षार. वायू तिथं प्रक्रिया होऊन अडकतो. बेदाण्याच्या शीतगृहात अमोनियाचा प्लांट सांभाळणाऱ्याची कार्ट्रिज आणि धुरी देणाऱ्याची कार्ट्रिज म्हणूनच एक नसते.

"वास यायला लागला की बदलू", हे गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. कोळशाचा थर एकदम सगळा भरत नाही. ऊसतोड जशी एका बांधापासून सुरू होऊन सरीसरीनं आत सरकते आणि पलीकडच्या बांधावर उभ्या माणसाला शेवटच्या सऱ्या पडेपर्यंत काही कळत नाही, तसंच इथं. नाकाला कळतं तेव्हा थर संपत आलेला असतो. त्यातून दोन घटकांच्या रंगात हार्डनरबरोबर येणारी आयसोसायनेट्स घातक पातळीला पोचली तरी नाकाला पत्ता नसतो, आणि त्यांनी एकदा दमा जडवला की पुढं थोडीशी मात्राही पुरते. अमेरिकेच्या १९९८ च्या नियमांनी वासाचा भरवसा सोडून बदलण्याचं वेळापत्रक ठरवायला लावलं, ते उगीच नाही. रात्रभर ठेवलेल्या कार्ट्रिजमध्ये आणखी एक भानगड होते. ढिल्या पकडीचे रेणू बाहेरच्या बाजूकडून आतल्या कोऱ्या कोळशाकडे सरकत राहतात. हवाबंद पिशवीत ठेवली तर बाहेरची वाफ आत शिरत नाही, पण हे आतलं सरकणं थांबत नाही. सकाळी पहिल्याच श्वासाला कालचं थिनर! साताऱ्याच्या पावसाळी हवेत पाण्याची वाफच विवरं अडवून बसते आणि आपल्याकडच्या एप्रिलमध्ये उष्णता पकड सोडवते. पाकिटावरचे तास कोणत्या हवेतले, हे म्हणूनच विचारावं.

उलटी चूकही होते. फाउंड्रीत वाळूची धूळ असताना कोणी नुसती कोळशाची कार्ट्रिज लावतो. वाळूतल्या सिलिकाचे कण कोळशाच्या दाण्यांमधून आरामात जातात, तिथं धुळीचाच फिल्टर हवा, एन-९५ किंवा पी-१००. फवारणीत आणि स्प्रे पेंटिंगमध्ये थेंबही असतात आणि वाफही, म्हणून कार्ट्रिजवर फिल्टरची चकती चढवायची. आणि गूळ. संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ उतरते, असं आपल्याकडे अजून सांगतात. १९९० च्या दशकात उंदरांवर तसा एक अभ्यास झाला होता, पण उंदरांवरच्या प्रयोगावर भट्टीपुढचा माणूस सोडायचा नसतो. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ फुप्फुसात बसते. या धुळीनं फुप्फुसाला जडणारा सिलिकोसिस १९४८ च्या कारखाने कायद्यानं नोंदवायचा आजार ठरवला होता आणि त्यावर बरं करणारं औषध नाही.

रंगाच्या भरवशावर खरेदी करू नका, कारण बाजारात दोन पद्धतींचा माल मिसळलेला असतो. युरोपीय खुणांत पिवळा म्हणजे सल्फर डायऑक्साइडसारखे आम्लधर्मी वायू, अक्षर 'ई'. अमेरिकेच्या खुणांत पिवळा म्हणजे सेंद्रिय वाफा आणि आम्लधर्मी वायू दोन्ही. एका गॅरेजवाल्यानं दुसऱ्याची पिवळी पाहून युरोपीय पिवळी आणली तर थिनरची वाफ थेट नाकात. पांढऱ्याचं तर अजून उलटं : युरोपीय पांढरा धुळीसाठी, अमेरिकन पांढरा आम्लधर्मी वायूंसाठी. सेंद्रिय वाफांना युरोपीय तपकिरी 'ए', अमेरिकन काळा. हिरवा तेवढा दोन्हीकडे अमोनियाचा.

धुरी भरलेल्या शेडमध्ये मात्र योग्य कार्ट्रिज लावूनही शिरायचं नसतं. सल्फर डायऑक्साइड दशलक्ष भागांत १०० च्या वर गेला की ती हवा जिवाला तत्काळ धोक्याची धरतात. आधी पडदे उघडायचे, वारा फिरू द्यायचा, मग आत. दाढी राखलेल्याच्या गालावर रबर बसत नाही, तिथून हवा परस्पर आत येते. आणि कारखान्याची मळीची टाकी, गोबरगॅसचा खड्डा, जुनी विहीर, इथं ऑक्सिजनच १९.५ टक्क्यांच्या खाली गेलेला असू शकतो. कार्ट्रिज हवा गाळते, ऑक्सिजन घालत नाही. तिथं बाहेरून नळीनं येणारी हवा नाहीतर पाठीवरचा सिलिंडर, आणि दोर धरून वर थांबलेला माणूस.